फोडलेलं अंगण : नागपूरच्या एका फ्लॅट स्कीमचं प्रकरण

२३ सप्टेंबर २०२३ची ती रात्र नागपूरकर विसरायचे नाहीत. मध्यरात्रीनंतर जो पाऊस धरला, त्यानं चार तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी ओतलं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून धावली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथली माणसं झोपेतच पाण्यात सापडली. काही जीव गेले. लोकांना बाहेर काढायला लष्कराच्या तुकड्या आल्या.

आमची सोळा फ्लॅटची स्कीम या वस्त्यांतली नाही. नदी आमच्यापासून लांब आणि जमीनही जराशी चढावरची. तरीही त्या पहाटे तळमजल्यावरच्या आजींच्या घरात गुडघाभर पाणी होतं. मी जिना उतरून गेले तेव्हा त्या दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. खाली चपला, रद्दी आणि देव्हाऱ्यातली फुलं तरंगत होती. खरं नुकसान मात्र तीन दिवसांनी कळलं. एप्रिलमध्ये निवडून, ऊन दाखवून कोठीत भरलेले वर्षाचे गहू खालून भिजले होते. कोठीचं झाकण उघडल्यावर आंबूस वाफ अंगावर आली. आजींनी मूठभर गहू बाहेर काढले, तर प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब फुटलेला. त्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “नदी तिकडं, तं पाणी माह्या घरात काहून आलं वं बाई?”

त्यांचा प्रश्न साधा होता, पण सोळा घरांत त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पुढची दोन वर्षं आमच्या स्कीममध्ये जे काही घडलं, ते या प्रश्नामागे गेल्यामुळे घडलं. म्हणून ते सगळं नीट लिहून ठेवते आहे.

पाणसळ काय म्हणाली

पहिले काही दिवस सगळ्यांचं बोट नदीकडेच होतं. पण नदीचं पाणी आमच्या गल्लीत आलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा बघितल्या आणि म्हणाले, “हे बाहेरून आलेलं कमी आहे, आपलंच जास्त आहे.” दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी गवंड्याला बोलावलं. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी पाणसळ लावतात, ती फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत बारा ठिकाणी लावली. मी वहीत आकडे उतरवत होते.

दोन गोष्टी निघाल्या. समोरचा सिमेंट रस्ता आमच्या फाटकाच्या उंबऱ्याहून चौदा इंच वर होता. गेल्या काही वर्षांत शहरभर असे रस्ते झाले आणि जुन्या घरांची जोती खाली गेली, हे नागपुरात कुणाला नवं नाही. दुसरी गोष्ट मात्र आम्हाला बोचली. आमच्या स्वतःच्या अंगणाचा उतार फाटकाकडे नसून इमारतीकडे होता. कुठे दोन इंच, आजींच्या दाराशी तर अडीच.

आमचा प्लॉट अकरा हजार चौरस फुटांचा. त्यातली पाच हजारांवर इमारत, बाकी सहा हजार अंगण. गच्ची आणि अंगण मिळून एवढ्या जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटरच्या वर पाणी होतं. काकांनी तो हिशेब टँकरच्या भाषेत सांगितला तेव्हा खोलीत शांतता झाली. पाच हजार लिटरचे वीस टँकर. त्याच वर्षी एप्रिल ते जून आम्ही पैसे मोजून २६ टँकर आणले होते, कारण बोअर मार्चअखेर कोरडी पडली होती. म्हणजे उन्हाळाभर जे विकत घेतलं, जवळपास तेवढंच पाणी एका रात्रीत फुकट दाराशी आलं. आम्ही ते जमिनीत जाऊ दिलं नाही, म्हणून ते आजींच्या कोठीत गेलं.

अंगणाला सिमेंट कोणी घातलं

आम्हीच घातलं. २०१४ साली. त्याआधी तिथं माती होती, एक कडुनिंब, दोन पारिजातकं आणि कोपऱ्यात दगडी बांधणीची विहीर. हा सगळा ले-आउट कधीकाळी संत्र्याची बाग होता, विहीर तेव्हाची. पावसाळ्यात चिखल व्हायचा, स्कूटर घसरायची, पोट्टे पायांनी घरभर माती आणायचे. एकदा साप निघाला आणि मग सभेत कुणाला समजवावं लागलं नाही. चार इंच सिमेंट काँक्रीट, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कडुनिंबाच्या बुंध्यालाही बोटभर जागा ठेवली नाही. पारिजातकं तोडली. विहिरीवर स्लॅब टाकला, एक झाकण ठेवलं आणि पुढची नऊ वर्षं ज्याच्या घरी काम निघालं त्याचा मलबा त्या झाकणातून खाली गेला. ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मीही होते. मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, जलचक्राची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली आणि माझ्याच दारात त्या आकृतीतला खाली जाणारा बाण पुसून टाकला. याची खंत मला आजही आहे.

सहा हजार चौरस फूट, चार इंच जाडी. गवंड्याच्या हिशेबानं त्यात सव्वातीनशेच्या वर सिमेंटच्या गोण्या गेल्या असणार, म्हणजे सोळा-सतरा टन. सिमेंट करताना चुनखडी भट्टीत १४५० अंशांपर्यंत तापवतात. भट्टीला कोळसा लागतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड वेगळाच, पण चुनखडी स्वतःच फुटून त्याहून जास्त वायू सोडते. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. एका टनामागे सहाशे-सातशे किलो धरला तरी आमच्या अंगणानं दहा टनांच्या वर वायू हवेत सोडला होता. चुनखडी आणि कोळसा दोन्ही आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. जागतिक संकट म्हणून जे वर्तमानपत्रात वाचतो, त्यातला एक तुकडा आम्ही वर्गणी काढून आणला होता आणि वर त्याला झाडू मारत होतो.

हवेत सोडलेल्या या वायूचं काम तिथंच संपत नाही, तो हवा तापवत राहतो. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते आणि ती वाफ एकदम उतरते. वर्षभराचा पाऊस किती, यापेक्षा तो किती तासांत पडतो हा प्रश्न मोठा झाला आहे, तो यामुळे. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या तापमानापेक्षा दीड अंशाहून जास्त गरम ठरलं. मोजणीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच. २०१५च्या पॅरिस करारात ज्या दीड अंशाच्या आत राहायचं म्हटलं होतं, तोच दीड अंश. करारातला आकडा अनेक वर्षांच्या सरासरीचा आहे, एका वर्षानं तो मोडला असं होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

सभा

डिसेंबर ते मार्च आमच्या चार सभा झाल्या. पहिलीत काकांनी सुचवलं की अंगण फोडू या, आणि जवळपास सगळे उसळले. विरोध करणारे चुकीचे होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांचे प्रश्न रोजच्या जगण्यातले होते. गाडी कुठे ठेवायची? पुन्हा चिखल, पुन्हा साप, डास? फ्लॅट विकायला काढला तर मातीचं अंगण बघून गिऱ्हाईक काय म्हणेल? दुसऱ्या मजल्यावरचे एक भाऊ म्हणाले, “सारा गाव सिमेंटचा होऊन राह्यला, आपल्या सहा हजार फुटानं काय फरक पडते जी?”

त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जड वाटलं, कारण ते खरं आहे. आमच्या अंगणानं नाग नदीचा पूर थांबणार नाही आणि जगाचं तापमानही उतरणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की जगाचं राहू द्या, आजींच्या दाराशी जे अडीच इंच आहेत ते आपलेच आहेत.

मधेच गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसवायचा प्रस्ताव आला. गट्टूंच्या फटींतून पाणी मुरतं असं म्हणतात. ते वाळूवर, फटी मोकळ्या ठेवून बसवले तर खरं आहे. आपल्याकडे मात्र खाली सिमेंटचा थर देतात आणि फटीही सिमेंटनं भरतात, मग गट्टू आणि काँक्रीट यांत रंगाचाच काय तो फरक. तो प्रस्ताव पडला याचं मला समाधान आहे.

तोडगा निघाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडून. त्यांच्या माहेरी, काटोलकडे, बैलगाडीच्या चाकोरीत तेवढे दगड बसवलेले असत. त्या म्हणाल्या, “गाडीले चाकाखाली जागा लागते, पोटाखाली कायले पाह्यजे?” मग ठरलं की गाड्यांच्या चाकांपुरते दीड-दीड फुटाचे पट्टे सिमेंटचे राहू द्यायचे, मधला आणि बाजूचा भाग फोडायचा. शेवटच्या सभेत अकरा बाजूनं, तीन विरोधात, दोन घरं बंद. घरटी साडेआठ हजार रुपये ठरले. विरोधातल्या तिघांपैकी दोघांनी पैसे मात्र पहिल्याच आठवड्यात दिले.

काम

एप्रिल २०२४. मजूर सकाळी सहाला येत आणि अकराला काम थांबवत. उन्हाळ्यात नागपुरात दुपारी उघड्यावर काम करायला लावणं हा अन्याय आहे. या शहरानं २३ मे २०१३ला ४७.९ अंश बघितलेत. ब्रेकर मशीननं कडुनिंबाच्या बाजूनं सुरुवात केली. पहिला तुकडा उचलला तेव्हा खाली मुळं दिसली. खोल जायच्या ऐवजी ती सिमेंटच्या पोटाला चिकटून, पट्ट्यासारखी चपटी होऊन, वाट शोधत दहा-बारा फूट लांब पसरली होती. मशीन चालवणाऱ्या पोरानं न सांगता मशीन बंद केली आणि पुढचा तीन-चार फुटांचा भाग त्यानं हातोडा-छिन्नीनं काढला. खालची माती करडी, कोरडी, कसलाही वास नसलेली. एक गांडूळ नाही.

माती उघडी केली म्हणजे पाणी आपोआप मुरेल, हा आमचा समज काकांनी वेळेवर दुरुस्त केला. आमच्याकडे काळी माती. उन्हात तिला हातभर भेगा पडतात, पण पाऊस लागला की ती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी वरच थांबतं. पाच-सहा फूट खाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. नागपूरचं हे एक वैशिष्ट्य आहे: शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, आणि पूर्वेला त्याहून फार जुने स्फटिकी खडक. पाणी साठतं ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून नुसती माती उघडी करून भागत नाही, पाण्याला मुरमापर्यंत पोचवावं लागतं.

फाटकाजवळ, पाणसळीनं ठरवलेल्या जागी, पाच फूट लांब-रुंद आणि आठ फूट खोल खड्डा घेतला. तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड वाळू. फोडलेल्या सिमेंटचे तुकडे अंगणाची पातळी बदलायला भरावात वापरले, त्यावर मुरूम दाबला आणि उतार इमारतीपासून खड्ड्याकडे फिरवला. बुंध्याभोवती चार फुटांचं आळं मोकळं सोडलं.

विहिरीचं काम वेगळं. ती कोरडी होती म्हणूनच माणसं आत उतरू शकली. आधी दोन दिवस झाकण उघडं ठेवलं आणि दोरीनं कंदील खाली सोडून तो विझत नाही हे पाहिलं. बंद विहिरीत हवा विषारी असू शकते आणि प्रत्येक विषारी वायू कंदिलानं कळत नाही, यात कुणी घाई करू नये. सहा दिवस मलबा निघत होता. फरशांचे तुकडे, नारळ, बाटल्या आणि नऊ वर्षांचं आमचं निर्माल्य. तळाशी जुनी बांधणी शाबूत होती. गच्चीचे चारही पाइप एकत्र करून, गिट्टी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडले. अंगणाचं पाणी विहिरीत जाऊ दिलं नाही, कारण त्यात गाड्यांचं तेल असतं. आणि मोसमातल्या पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, कारण ते वर्षभराची धूळ आणि पारव्यांची घाण घेऊन येतं. त्यासाठी पाइपला एक वेगळी तोटी आहे.

याच सुमारास, मेच्या अखेरीला, नौतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी देशभर फिरली. हवामान खात्यानं तो यंत्राचा दोष असल्याचं सांगितलं. दोन दिवस सगळे त्याच आकड्याबद्दल बोलत होते. माझ्या मते यंत्र चुकलं हे कळल्यावर आपण जो सुस्कारा टाकला, तो टाकायला नको होता. पंचेचाळीसच्या आसपासचा खरा पाराही रात्री दोनला भिंत गरम ठेवायला पुरेसा आहे.

काय झालं, काय नाही

जुलै २०२४च्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही निम्मे लोक छत्र्या घेऊन फाटकाशी उभे होतो. पाणी खड्ड्याकडे आलं, साचलं, वीसेक मिनिटं हललं नाही. एकानं घड्याळ बघितलं. मग वाळूतून बुडबुडे यायला लागले आणि पाणी खाली बसत गेलं. आजींच्या दाराशी थेंब नव्हता.

नागपुरात वर्षाला सुमारे हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या गच्चीवरचा त्यातला ऐंशी टक्के जरी हाती लागला तरी साडेतीन लाख लिटरच्या वर पाणी विहिरीत जातं. २०२५च्या उन्हाळ्यात बोअर मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालली आणि टँकर आले नऊ. २६चे नऊ झाले, हे सांगताना मला आनंद होतो, पण सगळं श्रेय विहिरीला देणं खोटं ठरेल. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस झाला, उकाडा कमी राहिला. अजून दोन-तीन कोरडे उन्हाळे बघितल्याशिवाय मी काही ठाम बोलणार नाही.

एका गोष्टीची कुणी अपेक्षा केली नव्हती. आमच्या स्कीममध्ये एसी वाढत चालले होते, आणि त्यामागचं एक कारण पाणी होतं. मोठा कूलर मेमध्ये दिवसाला शंभरेक लिटर पाणी पितो. बोअर आटली की ते आणायचं कुठून? टँकरचं पाणी कूलरमध्ये ओतायला जीव होत नाही. बोअर टिकली तशा दोन घरांनी कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या आणि एसीचा विचार पुढे ढकलला. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्याला कूलरच योग्य, हे माझं ठाम मत आहे. कूलर तासाला पाव युनिटही घेत नाही, दीड टनाचा एसी दीड युनिटच्या आसपास घेतो. कोळशावर केलेल्या विजेच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. पाऊस लागल्यावर हवा दमट होते, मग कूलर निकामी. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना एसी लागतो, त्यावर कुणी बोलू नये. पण विहिरीतलं पाणी, कूलर आणि कोळसा हे एकाच दोरीत ओवलेले आहेत, हे मला पुस्तकातून कधी दिसलं नव्हतं.

जे फसलं तेही लिहिते. मोकळ्या भागात लावलेली हिरवळ पहिल्याच मार्चमध्ये जळाली. तिला पाणी देणं चूकच होतं, ती आता काढली आहे. पट्ट्यांच्या मधे पावसाळ्यात चिखल होतोच, त्यावर बारीक गिट्टी टाकली तरी चपला भरतात आणि सफाईच्या ताईंचं काम वाढलं आहे. त्यांचा पगार आम्ही वाढवला, पण तो मुद्दा आधी त्यांनी काढला, आम्ही नाही. याची मला लाज वाटते. विरोधातल्या एका घरासमोरचा तुकडा अजून सिमेंटचाच आहे. गाळणीतली वाळू दरवर्षी मेमध्ये बाहेर काढून धुवावी लागते, नाहीतर पाइप तुंबतो. पहिल्या वर्षी ती सगळ्यांनी मिळून धुतली, दुसऱ्या वर्षी काका आणि मी. आता फलकावर घरांची पाळी लावली आहे.

रस्ता अजून चौदा इंच वरच आहे. अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या फाइलमध्ये आहेत. २०२३सारखी रात्र पुन्हा आली तर आमचा खड्डा एक लाख लिटर झेलणार नाही. उतार फिरवल्यामुळे पाणी घरात शिरायच्या आधी फाटकाशी थांबेल आणि आम्हाला तास-दीड तास मिळेल, एवढाच काकांचा अंदाज. आजींनी तर कोठीसाठी दोन फूट उंच लोखंडी घडवंची करून घेतली आहे. मी म्हटलं, आता पाणी येत नाही. “तू म्हणतं तं खरं असन,” त्या म्हणाल्या, “पण गहू वरच राहू दे.”

शेजारच्या स्कीमचं अंगण आमच्यापेक्षा खाली आहे. आमचं पाणी पूर्वी भिंतीखालून तिकडे जायचं, त्यांच्या पार्किंगमध्ये. गेल्या आठवड्यात त्यांचे सचिव येऊन खड्डा बघून गेले, वाकून वाळू हातात घेऊन पाहिली, खर्च विचारला. या रविवारी पाणसळीची नळी घेऊन काका आणि मी त्यांच्याकडे जाणार आहोत. वही मी नवीन घेतली आहे.